एकेचाळीस रात्रींची वर्गणी

गेल्या आषाढात, पावसामुळे संध्याकाळचे अंगणात बसणे बंद झाले तेव्हापासून, मी आणि माझी ब्याऐंशी वर्षांची आई रोज रात्री नऊ वाजता एक अरबी गोष्ट मराठीतून ऐकत होतो. फोंडा तालुक्यातले एक पतिपत्नी ही सेवा आपल्या घरातून चालवतात. ६०० रुपये वर्गणी भरली की ४१ रात्री, रोज एक याप्रमाणे, बारा ते अठरा मिनिटांची ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर येते. गोष्टी ‘अलिफ लैला’मधल्या, म्हणजे आपण ज्यांना ‘अरेबियन नाइट्स’ म्हणतो त्यांतल्या असतात. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि उद्योग अगदी घरगुती आहे. आमच्या भागात ज्यांना वर्गणी भरायची असेल त्यांना दोन ठिकाणी चौकशी केल्यावर पत्ता लागेल.

आवाज, उच्चार, ध्वनिमुद्रणाची स्वच्छता या बाबतीत फारसे बोलण्यासारखे नाही. सर्व चांगले आहे, क्वचित मागे पावसाची धार ऐकू येते, आणि ती आम्हाला खटकली नाही. मला परीक्षण करायचे आहे ते एकाच गोष्टीचे: कथेच्या पोटात कथा ठेवण्याची जी अरबी रीत आहे, ती या दोघांनी कशी सांभाळली आणि कुठे हातची सोडली. दिवा, गालिचा, गुहा हे सगळे सिनेमावाल्यांनी वापरून वापरून झिजवले आहे. या कथांचे खरे यंत्र आहे ते त्यांच्या चौकटीत, आणि ती चौकट बहुतेक संक्षिप्त आवृत्त्यांत पहिल्या चार पानांनंतर पुन्हा दिसतही नाही.

चौकट थोडक्यात अशी. राणीच्या विश्वासघाताने पिसाळलेला राजा शहरयार रोज एक नवी वधू करतो आणि सकाळी तिला मारवतो. वजिराची थोरली मुलगी शहरजाद आपणहून त्याच्याशी लग्न करायला निघते, आणि जाताना धाकट्या बहिणीला, दिनारजादला, सांगून ठेवते की रात्री तू माझ्याजवळ गोष्टीचा हट्ट धर. गोष्ट सुरू होते, उजाडते तेव्हा ती अर्ध्यावर असते, आणि पुढचे ऐकण्यासाठी राजा तिला एक दिवस जगू देतो. हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्याही आधी घडणारी एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, आणि माझी पहिली तक्रार तिच्याविषयीच आहे. मुलीने हे लग्न करू नये म्हणून वजीर तिला बैल आणि गाढवाची गोष्ट सांगतो. बैलाला दुखण्याचे सोंग करायची अक्कल गाढव शिकवते आणि नांगराला शेवटी गाढवच जुंपले जाते, असा तिचा पूर्वार्ध. शहरजाद ऐकते आणि आपला हट्ट सोडत नाही. म्हणजे संग्रहातली पहिली उपकथा ज्या कामासाठी सांगितली, त्या कामात ती सपशेल हरते. बापाची गोष्ट हरल्यावरच लेकीच्या गोष्टीचे धाडस केवढे आहे ते कळते. आमच्या सेवेने ही गोष्ट पूर्ण गाळली आणि पहिल्याच रात्री लग्न लावून दिले. वेळ वाचला असेल, पण पाया खचला.

दुसऱ्या रात्रीपासून मात्र कामाला रंग चढला, आणि त्याचे श्रेय एका घुमटाला, म्हणजे मातीच्या तालवाद्याला, आहे. गोष्टीच्या आत गोष्ट सुरू झाली की ऐकणाऱ्याला आपण कितव्या घरात आहोत हे कळणे कठीण असते. छापील पानावर अवतरणचिन्हे असतात, मागे उलटून पाहता येते. कानाला तशी सोय नाही. या दोघांनी त्यावर साधी तोड काढली आहे. शहरजाद बोलत असेल तर घुमटावर एक ठोका. तिच्या गोष्टीतला कोणी गोष्ट सांगू लागला की दोन ठोके. त्याच्याही गोष्टीतल्या कोणी तोंड उघडले की तीन. परत बाहेर येताना तेच ठोके उलट क्रमाने, तीन, दोन, एक. नवरात्रात मखरोत्सवाच्या कीर्तनाला बसलेल्या माणसाला ही कसरत नवी नाही. बुवा आख्यान सोडून दृष्टान्तात शिरतात, दृष्टान्तातून गावातल्या एखाद्या विनोदात, आणि चिपळ्यांचा एक आवाज होताच श्रोते पुन्हा मूळ आख्यानात येऊन उभे असतात. तरी आमच्या गोव्यातल्या वाद्याला अरबी कथेत जिन्याच्या पायऱ्या मोजायला लावणे ही कल्पना मला फार आवडली.

या ठोक्यांची परीक्षा झाली ती कोळ्याच्या गोष्टीत. कोळ्याच्या जाळ्यात तांब्याचा रांजण येतो, त्यातून जिन निघतो आणि सुटका करणाऱ्यालाच मारायला उठतो. कोळी त्याला युक्तीने परत रांजणात घालतो आणि वर राजा युनान व हकीम दुबान यांची गोष्ट ऐकवतो. दुबानने राजाचा कोड बरा केलेला असतो, पण वजीर राजाचे कान भरतो. तेव्हा राजा वजिराला पोपटाची गोष्ट सांगतो आणि घुमट तीनदा वाजते. एका नवऱ्याने बायकोवर पाळत ठेवण्यासाठी बोलका पोपट ठेवलेला असतो. पोपट खरे ते सांगतो. मग एका रात्री बायको दासींना कामाला लावते: एकीने पिंजऱ्याखाली जाते ओढायचे, एकीने वरून पाणी शिंपडायचे, एकीने आरसा फिरवत राहायचे. दुसऱ्या दिवशी पोपट मालकाला सांगतो की रात्रभर गडगडाट, पाऊस आणि विजा होत्या. दिवस कोरडे असतात, म्हणून मालक त्याला खोटारडा समजून मारून टाकतो, आणि खरे काय ते त्याला नंतर कळते.

हे आम्ही ऐकत होतो तेव्हा बाहेर खरोखरच पाऊस कोसळत होता. आईच्या हातातला पेजेचा चमचा वाटीवर तसाच राहिला होता. तिने लहानपणी पहाटे जाते ओढलेले आहे. “मोठ्या जात्याचा आवाज लांबून ढगासारखाच येतो,” ती म्हणाली, “पोपटाची काय चूक?” आणि लगेच कोकणीत विचारले, “मागीर?” हा ‘मागीर’, म्हणजे ‘मग पुढे?’, त्या ४१ रात्रींत मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. दिनारजादचे काम मुळात एवढेच आहे. मूळ कथेत ती प्रत्येक रात्री बहिणीला म्हणते की झोप आली नसेल तर तुझ्या त्या सुंदर गोष्टींतली एक सांग, आणि उजाडल्यावर म्हणते की किती अद्भुत गोष्ट आहे ही. त्यावर शहरजादचे उत्तर ठरलेले असते: राजाने मला जिवंत ठेवले तर उद्या सांगेन ती हिच्याहून अद्भुत आहे. राजा सहसा गप्पच असतो. विचारणारी दुसरीच असल्यामुळे ऐकण्याची इच्छा त्याला कबूल करावी लागत नाही. सेवेने दिनारजादसाठी वेगळा, कोवळा आवाज ठेवला आहे आणि तिचे वाक्य एकाही रात्री गाळलेले नाही, याबद्दल मी त्यांना मनापासून धन्यवाद देतो, कारण संक्षेप करणारे सर्वांत आधी तिलाच घालवतात.

पोपटानंतर त्यांनी राजा सिंदबाद आणि त्याच्या ससाण्याचीही गोष्ट घातली. राजा पेला ओठाला लावणार तोच ससाणा तो सांडतो, पुन्हा पुन्हा सांडतो, आणि चिडलेला राजा त्याचे पंख छाटतो. नंतर कळते की ते सापाचे विष होते. गोष्ट चांगली आहे, पण जागा चुकली. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या ज्या सिरियाच्या हस्तलिखितावरून आंत्वान गालाँने १७०४ पासून फ्रेंच भाषांतर छापायला सुरुवात केली, त्यात या ठिकाणी पोपट आहे. नंतरच्या काही छापील अरबी प्रतींत ससाणा आहे. आणि रिचर्ड बर्टनने १८८५ च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात दोघांनाही बसवले. (हा तोच बर्टन, जो तरुणपणी सिंधमधल्या पलटणीतून आजारपणाची रजा घेऊन गोव्यात येऊन गेला आणि १८५१ साली आपल्याविषयी तिरकस शेऱ्यांचे एक पुस्तक छापून मोकळा झाला.) सेवेने बर्टनची आवृत्ती घेतली असावी. हितचिंतक पक्ष्याला मारून पस्तावणारा माणूस लागोपाठ दोनदा ऐकवला की दुसऱ्या खेपेला कान बंद होतात. एकच ठेवायचा तर पोपट ठेवावा, कारण तो नुसता पक्षी नाही, तो गोष्ट सांगणारा आहे. खरी गोष्ट सांगितली आणि ऐकणाऱ्याला पटली नाही म्हणून तो मेला. हे शहरजाद कुणासमोर सांगते आहे याचा विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो. आपल्या शुकबाहात्तरीतला पोपट नवरा परगावी असताना रोज रात्री एक गोष्ट सांगून घरच्या बाईला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. तो शहरजादचा सख्खा भाऊ शोभावा, आणि युनानच्या गोष्टीतला हा पोपट तिला पडलेले वाईट स्वप्न.

कथेत कथा हा प्रकार अरबांनी आपल्याकडूनही उचलला आहे, हे सांगताना आपली छाती फुगते. पंचतंत्र आधी पहलवीत आणि तिथून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या हातून अरबीत गेले, करटक आणि दमनक तिकडे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. सेवेने एका रात्रीच्या सुरुवातीला हे सांगितले ते योग्यच केले, पण तिथेच थांबले. फरक सांगायला हवा होता. विष्णुशर्म्याच्या गोष्टींनी राजपुत्र शहाणे व्हायचे आहेत. सहा महिन्यांचा वायदा आहे, गळ्यावर तलवार नाही. वेताळाची गोष्ट पूर्ण होते, मग प्रश्न पडतो, विक्रम बोलतो आणि प्रेत झाडाकडे परत जाते. तिथे फेरी गोष्टीच्या शेवटाला तुटते. अलिफ लैलात गोष्ट मधोमध तुटते, आणि हा तोडण्याचा हिशेब फार बारकाईने केलेला आहे. सौदागर आणि जिन यांची गोष्ट आठव्या रात्री संपते, पण रात्र शिल्लक असते, म्हणून त्याच रात्री कोळ्याची गोष्ट सुरू होते आणि पहाटेपर्यंत ती अर्ध्यावर आलेली असते. गोष्ट आणि रात्र या दोघींनी एकाच वेळी संपायचे नाही हा शहरजादचा नियम आहे. ज्या पहाटे त्या बरोबर संपतील, त्या पहाटे राजाला तिची गरज उरणार नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे. पहिल्या सोळा रात्री हा नियम पाळला गेला. सतराव्या रात्रीपासून प्रत्येक फितीत गोष्ट पूर्ण होऊ लागली. सुरुवात, मध्य, शेवट, शुभ रात्री. बगदादच्या हमालाची आणि तीन बहिणींची लांबलचक गोष्ट तर त्यांनी कापून नेटक्या तुकड्यांची केली: एका रात्री पहिला कलंदर, म्हणजे भटका फकीर, दुसऱ्या रात्री दुसरा, तिसऱ्या रात्री तिसरा. त्या बहिणींच्या घराच्या दारावर लिहिलेले असते की जे तुमच्या संबंधाचे नाही त्याविषयी बोलू नका, नाहीतर नको ते ऐकावे लागेल. पाहुणे तो नियम मोडतात, गुलाम तलवारी घेऊन येतात, आणि आपली हकिगत सांगून जो तो आपला जीव सोडवून घेतो. वेशांतर केलेला खलिफा हारून अल्-रशीद तिथेच बसलेला असतो. कलंदर बोलत असताना त्याच्या मानेवर तलवार आहे हे विसरता कामा नये. प्रत्येक कलंदराला स्वतंत्र फीत मिळाल्यावर ती तलवारच दिसेनाशी झाली. दुसऱ्या कलंदराच्या हकिगतीत तो जिनापुढे गयावया करून मत्सरी माणसाची आणि त्याचा हेवा सोसणाऱ्याची गोष्ट सांगतो, ती तर पूर्ण गळाली. ती गोष्ट त्याला अर्धीच फळते, जीव वाचतो पण जिन त्याचे माकड करतो. गोष्ट सांगून काय मिळेल याची खात्री या संग्रहात कुणालाच नाही, हे दाखवणारी ती मोक्याची जागा होती.

मी अठराव्या दिवशी फोन केला. बाई अदबीने बोलल्या. “काका, पुष्कळ वर्गणीदारांचे म्हणणे आहे की अर्धवट गोष्ट ऐकून झोप लागत नाही.” मी म्हटले, “शहरयारालाही लागत नव्हती.” त्या हसल्या, पण पुढचा आठवडाभर फीत तशीच नेटकी येत राहिली. त्यांना दोष द्यायचा तर थोरामोठ्यांनाही द्यावा लागेल. गालाँनेच पुढच्या खंडांत आधी दिनारजादची वाक्ये आणि नंतर रात्रींची विभागणी सोडून दिली होती, आणि एडवर्ड लेनने आपल्या इंग्रजी भाषांतरात सरळ प्रकरणे पाडली. आठवड्याच्या सात फिती रविवारी एकदम घेण्याचीही एक सोय सेवेने ठेवली आहे. माझा मुलगा बंगळूरला असतो. त्याने ती घेतली आणि गाडी चालवताना सातही फिती सलग ऐकल्या. कोण कुणाला काय सांगत होते ते तिसऱ्या फितीनंतर कळेनासे झाले, असे त्याचे म्हणणे पडले. ही सोय कोणी घेऊ नये.

तेविसाव्या रात्री फीत आलीच नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आई पलंगावर बसून होती. “राजाने मारलीन की काय तिला,” ती शेवटी म्हणाली आणि दिवा मालवून झोपली. दुसऱ्या दिवशी वीज गेल्याचा खुलासा आला आणि दोन फिती एकदम आल्या. विजेचा दोष त्यांच्यावर ठेवता येणार नाही, पण एका ओळीचा निरोप मोबाइलवरून पाठवता आला असता.

सव्विसाव्या रात्री कुबड्याची गोष्ट सुरू झाली आणि सेवा पुन्हा मूळ पदावर आली, बहुधा नाइलाजाने, कारण या गोष्टीचे तुकडे पडतच नाहीत. एका शिंप्याच्या घरी जेवताना कुबड्याच्या घशात माशाचा काटा अडकतो आणि तो मरून पडतो. शिंपी घाबरून ते प्रेत यहुदी वैद्याच्या दारात नेऊन ठेवतो, वैद्य शेजारच्या कारभाऱ्याच्या गळ्यात घालतो, कारभारी रस्त्यावर उभे करतो आणि तिथे ते ख्रिस्ती दलालाच्या माथी येते. चौघेही राजापुढे उभे राहतात. कुबड्याच्या हकिगतीहून नवलाची गोष्ट सांगाल तर वाचाल, असा सौदा ठरतो. शिंप्याच्या गोष्टीत एक लंगडा तरुण येतो, तरुणाच्या गोष्टीत न्हावी येतो, आणि न्हावी, जो स्वतःला ‘मितभाषी’ म्हणवतो, तो आपल्या सहा भावांच्या सहा गोष्टी सांगतो. घुमट चार वेळा वाजते. न्हाव्याचे बोलणे त्या बाईंनी एका दमात, जराही न थांबता केले आहे. तरुणाला प्रेयसीकडे जायची घाई, डोके अर्धे भादरलेले, आणि न्हावी वस्तरा थांबवून ग्रहमान पाहतो आहे. आमच्या बाजारातल्या एका सलूनची मला तीव्रतेने आठवण झाली. शेवटी हाच न्हावी कुबड्याच्या घशातून काटा उपटून काढतो आणि कुबडा शिंकून उठून बसतो. एवढा वेळ ज्याच्या मरणावर चार जिवांचा सौदा चालला होता तो मेलाच नव्हता. आईचा आक्षेप निराळा होता. काटा कुठल्या माशाचा ते सांगितले नाही. इसवणाचा असा अडकत नाही, तारल्याचा असेल तर मानता येईल.

या दहाबारा रात्री मी पुन्हा ऐकेन. त्यानंतरच्या सिंदबादच्या सात सफरींना सरळ चौकट आहे, फार वर-खाली नाही. तिथे खलाशी सिंदबाद गरीब हमाल सिंदबादला रोज बोलावतो, सफर सांगतो आणि निघताना ऐकण्याबद्दल शंभर मोहरा देतो. वर्गणीदाराच्या दृष्टीने हा व्यवहार अधिक सोयीचा आहे, पण आमच्या सेवेने त्याचा कित्ता गिरवलेला नाही. अलाउद्दीन आणि अलीबाबा ही दोन नावे जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत होती. त्या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. १७०९ साली अलेप्पोच्या हन्ना दियाब या माणसाने पॅरिसमध्ये गालाँला त्या तोंडी सांगितल्या. त्यांच्या पोटात उपकथा नाहीत, एकच ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो. मुले खूष होतील. आम्ही दोघे पेंगलो.

गुण द्यायचेच तर पाचांपैकी साडेतीन देईन: घुमटाला आणि दिनारजादला पूर्ण, न्हाव्याला पूर्ण, सतरा ते पंचवीस या रात्रींचा एक वजा, आणि गाढव-बैल गाळल्याचा अर्धा. पुढच्या मालिकेत कुठल्या प्रतीचा आधार घेतला ते पहिल्याच फितीत सांगावे, आणि गोष्ट रात्रीबरोबर संपवू नये, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

एकेचाळिसाव्या रात्री त्यांनी राजपुत्र कमर अल्-जमानची गोष्ट सुरू केली. योगायोग असा की गालाँच्या त्या हस्तलिखितातल्या २८२ रात्रीही याच गोष्टीत तुटतात आणि पुढचा कागद नाही. येथे मात्र गोष्ट ऐन रंगात असताना घुमटावर एक ठोका पडला, शहरजाद गप्प झाली, आणि त्या गृहस्थांच्या आवाजात सूचना आली की दुसऱ्या मालिकेची ६०० रुपये वर्गणी शनिवारपर्यंत भरावी. मला क्षणभर राग आला. आईने विचारले, “मागीर?” मी शुक्रवारीच पैसे भरले, पहिली फीत सोमवारी रात्री नऊला यायची आहे.